वॉरियर्सची प्लेऑफ मालिका कशी पाहावी: डाव, उतारा आणि मोकळा सोडलेला खेळाडू

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्या साखळी हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. एकाच प्रतिस्पर्ध्याशी त्याची गाठ फार तर तीन-चार वेळा पडते, त्यामुळे समोरच्याचा बारकाईने अभ्यास करायला कुणालाच सवड नसते. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, चित्र पालटते. तेच दोन संघ जवळजवळ पंधरवडाभर एकमेकांपुढे उभे राहतात आणि आधी चार सामने जिंकणारा पुढे जातो. पहिल्या सामन्यात हमखास चाललेली चाल तिसऱ्यात अडते, कारण मधल्या दोन दिवसांत समोरच्यांनी तिच्यावर उतारा शोधलेला असतो. हा उतारा कुठे पडला ते ओळखता आले की मालिका कळू लागते.

शिकायला गोल्डन स्टेट वॉरियर्ससारखा संघ नाही. २०१५ ते २०१९ अशी सलग पाच वर्षे ते अंतिम फेरीत होते. त्यांपैकी २०१५, २०१७ आणि २०१८ ची विजेतेपदे त्यांची, २०१६ आणि २०१९ मध्ये हार. मग २०२२ मध्ये पुन्हा विजेते. या सगळ्या काळात प्रशिक्षक स्टीव्ह कर आणि स्टीफन करी, क्ले थॉम्पसन, ड्रेमंड ग्रीन हे त्रिकूट कायम होते. गाभा तोच राहिल्यामुळे प्रतिस्पर्ध्यांनी त्यावर काय काय उपाय केले ते वर्षागणिक ताडून पाहता येते.

आधी वेळेचे गणित

प्लेऑफ एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत चालतात. त्या काळात अमेरिकेत उन्हाळी वेळ असते, म्हणून न्यूयॉर्क-बोस्टनच्या घड्याळात साडेनऊ तास मिळवले की भारतीय वेळ येते. सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळात साडेबारा तास मिळवायचे. तिकडे पूर्व किनाऱ्यावर रात्री साडेआठला सुरू होणारा अंतिम फेरीचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लागतो. पश्चिम किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे सकाळी साडेसातला. सामना ४८ मिनिटांचा असला तरी थांबे धरून अडीच तास लागतात.

नेहमी चुकते ती तारीख. पूर्व किनाऱ्याच्या घड्याळातला रविवार दुपारी साडेतीनचा सामना म्हणजे आपल्याकडे रविवार उलटून सोमवारची रात्रीची एक वाजताची वेळ. गजर रविवारी दुपारचा लावला तर सामना सुरू व्हायला अजून अर्धा दिवस असतो. वेळापत्रकावर कोणत्या गावची वेळ छापली आहे ते आधी पाहा, मग सातही तारखा भारतीय वेळेत एकदाच लिहून ठेवा.

सामन्यांची रचना २-२-१-१-१ अशी असते. वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा सामना होतो, बाकीचे समोरच्याकडे. अंतिम फेरीत १९८५ ते २०१३ दरम्यान २-३-२ अशी रचना होती, तेव्हा जुनी मालिका पाहताना पाचवा सामना भलत्याच गावी दिसला तर गोंधळू नका.

नजर चेंडूवरून काढा

हे सगळ्यात कठीण आणि सगळ्यात महत्त्वाचे. क्रिकेट पाहून तयार झालेली नजर चेंडूमागे धावते. वॉरियर्सच्या बाबतीत खरा खेळ चेंडूपासून दूर घडतो. पहिल्या क्वार्टरची, म्हणजे सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशाची, निदान सहा मिनिटे फक्त करीकडे पाहा, चेंडू कुठेही असो. पास दिल्यावर तो थांबत नाही. तो सहकाऱ्याला स्क्रीन लावतो, म्हणजे त्याच्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, आणि त्याच दमात वळून तीन गुणांच्या रेषेबाहेर पळतो. स्क्रीनच्या जागी दोन्ही बचावपटूंना क्षणभर ठरवावे लागते की कोण कुणाला धरणार. करीच्या धाकाने दोघेही त्याच्याकडे झुकतात आणि ज्याला स्क्रीन मिळाला तो सरळ बास्केटखाली मोकळा होतो. गुण त्याच्या नावावर लागतात, आकडेवारीत करीचे नावही येत नाही. गुणफलक पाहून वॉरियर्स कळत नाहीत ते यामुळे.

दुसरी पाहण्याची जोडी करी आणि ग्रीन. ग्रीन वर येऊन स्क्रीन लावतो, करी त्याच्या कडेने निघतो. याला पिक अँड रोल म्हणतात आणि प्रत्येक संघ तो खेळतो. बचावापुढे साधारण चार पर्याय असतात:

- उंच बचावपटू मागे बास्केटजवळ थांबतो. यात करीला लांबून नेम धरायला मोकळीक मिळते.
- दोघे बचावपटू आपापली माणसे अदलाबदल करतात, म्हणजे स्विच. यात एखादा उंच, जड खेळाडू करीपुढे एकटा सापडतो.
- दोघेही करीवर धावून जातात. चेंडू ग्रीनकडे जातो आणि फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा बिनअडथळ्याचा फटका) रेषेच्या आसपास वॉरियर्सना चारास तीन अशी बढत मिळते.
- करीचा बचावपटू स्क्रीनच्या वरून धडपडत त्याच्या पाठीला चिकटून राहतो आणि उंच खेळाडू एखादे पाऊलच पुढे येतो. यात दम लागतो, फाउलही वाढतात.

प्रत्येक वेळी यांतला कोणता निवडला ते वहीत १ ते ४ आकड्याने मांडा. पहिल्या सामन्यात २, २, २ असे दिसले आणि दुसऱ्यात अचानक ३, ३ येऊ लागले, की उतारा पडला. आता तिसऱ्या पर्यायात ग्रीनने काय केले ते बघायचे. कोपऱ्यात पास दिला, बास्केटखाली उंच चेंडू टाकला, की स्वतः मारला? समोरच्यांना तो स्वतः मारलेला हवा असतो. ग्रीनला बाहेरून मुद्दाम मोकळे सोडणे हा वॉरियर्सविरुद्धचा सर्वांत जुना उपाय आहे.

कुणाला सोडले आहे?

संपूर्ण मालिकेत हाच प्रश्न विचारत राहा. पाच बचावपटू पाच जणांना सारख्या जोराने धरू शकत नाहीत. करीवर दीड-दोन माणसे खर्च केली की दुसरीकडे कुणीतरी मोकळा राहतोच, आणि तो कोण राहावा हे समोरचा प्रशिक्षक विचार करून ठरवतो. मालिका बहुतेकदा त्या सोडलेल्या खेळाडूच्या हातून ठरते. जुनी सामन्यागणिक आकडेवारी या नजरेने उघडली की एकेक मालिका वेगळीच दिसते.

२०१६ ची अंतिम फेरी घ्या. वॉरियर्स त्या हंगामात ७३-९ असे विक्रमी जिंकले होते आणि क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सविरुद्ध ३-१ ने पुढे होते. क्लीव्हलँडने हॅरिसन बार्न्सला सैल सोडले आणि त्याच्यावरचे बचावपटू करी-थॉम्पसनच्या मागे लावले. शेवटच्या तीन सामन्यांत बार्न्सचे ३२ पैकी ५ प्रयत्न बास्केटमध्ये गेले. त्यात पाचव्या सामन्यात ग्रीन निलंबित आणि त्याच सामन्यात उंच खेळाडू अँड्र्यू बोगट जायबंदी. क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्स आणि कायरी अर्विंग यांनी त्या दिवशी प्रत्येकी ४१ गुण केले, हे सगळ्यांना आठवते. बार्न्सचे हुकलेले फटके कुणाला आठवत नाहीत, पण ते मोजल्याशिवाय ही मालिका समजत नाही.

२०१५ मध्ये उलट घडले होते. याच क्लीव्हलँडविरुद्ध वॉरियर्स १-२ ने मागे होते. चौथ्या सामन्यात कर यांनी बोगटला बसवून आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून उतरवले आणि ग्रीन सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या, जागी आला. उंची कमी, वेग जास्त. क्लीव्हलँडच्या सात फुटी तिमोफेय मोझगोव्हने त्या सामन्यात २८ गुण घेतले. नुसती आकडेवारी पाहणारा म्हणेल, वॉरियर्सचा डाव फसला. प्रत्यक्षात वॉरियर्स १०३-८२ जिंकले. मोझगोव्हला बास्केटखाली गुण घेऊ देणे त्यांना परवडत होते, कारण दुसऱ्या टोकाला तो कुणाच्याच वेगाला पुरत नव्हता. पाचव्या सामन्यात क्लीव्हलँडने त्याला जेमतेम ९ मिनिटे खेळवले. मालिका ४-२ अशी संपली आणि साखळी हंगामात एकदाही सुरुवातीच्या पाचांत न आलेला इग्वोडाला अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

टोरंटोविरुद्धच्या २०१९ च्या अंतिम फेरीत तर शाळकरी स्पर्धांत दिसणारा बचाव आला. दुसऱ्या सामन्यात वॉरियर्सचा केव्हिन ड्युरँट दुखापतीमुळे बाहेरच होता, शेवटच्या क्वार्टरमध्ये थॉम्पसनही गेला. टोरंटोचे प्रशिक्षक निक नर्स यांनी चार जणांचा चौकोन केला आणि फ्रेड व्हॅनव्हलीटला एकट्या करीमागे सोडले. याला बॉक्स-अँड-वन म्हणतात. वॉरियर्सचे गुण पाच मिनिटांहून जास्त काळ गोठले. शेवटी करीला दोघांनी घेरले, चेंडू शॉन लिव्हिंग्स्टनकडून मोकळ्या इग्वोडालाकडे गेला आणि त्याने तीन गुण टाकले. १०९-१०४. डाव बिनचूक होता, फक्त ज्याला सोडले होते त्याने मारले. मालिका मात्र टोरंटोने ४-२ अशी नेली. पाचव्या सामन्यात परतलेल्या ड्युरँटची घोट्यामागची शीर तुटली, सहाव्यात थॉम्पसनच्या गुडघ्याचा अस्थिबंध.

वहीत काय लिहायचे

क्रीडापानावरचा गुणफलक पुरत नाही. एका सामन्याला एक पान ठेवा. त्यात प्रत्येक क्वार्टरची सुरुवात आणि शेवट करणारे पाच-पाच खेळाडू, वरचे १ ते ४ आकडे, प्रत्येक संघाचे चेंडू गमावण्याचे प्रसंग आणि सोडलेल्या खेळाडूचे प्रयत्न-यश लिहा. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या सहा मिनिटांतले पाच कोण, हे अधोरेखित करा. प्रशिक्षकाचा खरा विश्वास तिथे दिसतो.

सामना संपल्यावर दोन हिशेब करा. पहिला, नेमबाजीचा. सगळी यशस्वी बास्केटे अधिक तीन गुणांच्या यशस्वी बास्केटांचा निम्मा आकडा, भागिले एकूण प्रयत्न. समजा ४० बास्केटे, त्यांत १४ तीन गुणांची, ९० प्रयत्न. ४० अधिक ७ म्हणजे ४७, भागिले ९०, साधारण ५२ टक्के. साध्या टक्केवारीत हाच संघ ४४ वर दिसतो.

दुसरा, किती वेळा चेंडू हाती आला त्याचा. प्रयत्न अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट, वजा आक्रमणातले रिबाउंड (आपला हुकलेला फटका पुन्हा हाती घेणे), अधिक गमावलेले चेंडू. एकूण गुणांना या आकड्याने भागून शंभराने गुणा. संथ आणि वेगवान सामन्यांची तुलना यानेच होते. १०० गुण झाले म्हणजे आक्रमण चांगले, हा समज संथ सामन्यात खोटा ठरतो.

इथे एक सावधगिरी. तीन गुणांचे फटके एका सामन्यात कसेही पडतात, त्यामुळे एका रात्रीच्या नेमबाजीवरून डावाची पारख करू नका. २०१८ मध्ये पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सचे तीन गुणांचे सलग २७ प्रयत्न हुकले. पूर्ण सामन्यात ४४ पैकी ७. नेहमीच्या ३५ टक्क्यांनी १५ पडले असते, म्हणजे २४ गुण जास्त, आणि ते हरले ९ गुणांनी. फटके बऱ्याच वेळा मोकळे मिळत होते, म्हणजे रचना चुकली नव्हती. क्रिस पॉल मांडीच्या स्नायूमुळे शेवटचे दोन सामने बाहेर होता हेही त्यात धरा. वहीत म्हणून दोन वेगळे रकाने हवेत: फटका मोकळा मिळाला का, आणि पडला का.

फाउल, थांबे आणि निलंबन

खेळाडूचे सहा फाउल झाले की तो बाहेर. संघाच्या एका क्वार्टरमधल्या पाचव्या फाउलपासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. पहिल्या क्वार्टरमध्येच दोन फाउल झालेला मुख्य बचावपटू बहुधा बाकावर जातो, आणि पुढची पाच मिनिटे समोरचा संघ त्याच्या बदल्यात आलेल्याला हुडकून त्याच्यावरच हल्ले चढवतो.

थांबे, म्हणजे टाइमआउट, प्रत्येक संघाला सामन्याला सात, त्यांतले चौथ्या क्वार्टरमध्ये जास्तीत जास्त चार. पंचांच्या निर्णयाला आव्हान दिले आणि ते फेटाळले गेले तर एक थांबा जातो. पडद्याच्या कोपऱ्यात टाइमआउटचे ठिपके दाखवतात, ते शेवटच्या तीन मिनिटांत पाहत राहा. २०२३ मध्ये सॅक्रमेंटोविरुद्ध चौथ्या सामन्यात करीने शिल्लक नसलेला टाइमआउट मागितला आणि वॉरियर्सना टेक्निकल फाउल (धक्काबुक्कीचा नव्हे, नियमभंगाचा दंड) बसला. जवळजवळ जिंकलेला सामना हातून निसटत होता.

निलंबनाचा हिशेब फार लोक ठेवत नाहीत, आणि तो ठेवलाच पाहिजे. धोकादायक फाउलला पंच फ्लॅग्रंट ठरवतात: पहिल्या प्रकाराला एक गुण, दुसऱ्याला दोन. प्लेऑफमध्ये तीनपेक्षा जास्त गुण जमले की एक सामना बंदी. हे गुण फेरी बदलली तरी पुसले जात नाहीत. २०१६ मध्ये ग्रीनचा एक गुण ह्यूस्टनविरुद्ध पहिल्या फेरीत जमा झाला, दोन ओक्लाहोमा सिटीच्या स्टीव्हन अॅडम्सला लाथ लागली तेव्हा, आणि चौथा अंतिम फेरीत लेब्रॉनशी झालेल्या झटापटीत. म्हणजे अंतिम फेरीला तो एकाच गुणाचे अंतर राखून उतरला होता, आणि हे मालिका सुरू होण्याआधीच वहीत दिसायला हवे होते. टेक्निकल फाउलचा हिशेब वेगळा: प्लेऑफमधल्या सातव्याला एक सामना बंदी.

वैर कसे ओळखावे

नुसत्या आरडाओरड्याला वैर म्हणू नये. तीच माणसे पुन्हा पुन्हा समोर येतात आणि गेल्या वेळचा उतारा लक्षात ठेवून येतात, ते खरे वैर. क्लीव्हलँड आणि वॉरियर्स सलग चार अंतिम फेऱ्या भिडले, २०१५ ते २०१८. वॉरियर्स तीन जिंकले. २०१६ चा सातवा सामना ८९-८९ वर पावणेचार मिनिटे अडला. वॉरियर्सचे शेवटचे नऊच्या नऊ प्रयत्न हुकले. लेब्रॉनने इग्वोडालाचा फटका मागून येऊन फळ्यावर अडवला. ५३ सेकंद उरले असताना अर्विंगने करीच्या डोक्यावरून तीन गुण टाकले. तो फटका पाहताना त्याआधीचे दहा सेकंद पाहा: क्लीव्हलँडने स्क्रीन लावून करीलाच अर्विंगपुढे ओढून आणले होते. सगळ्या मालिकेत त्यांनी हेच केले. त्या हारेनंतर ड्युरँट संघात आला आणि २०१७ च्या प्लेऑफमध्ये वॉरियर्स १६-१ असे जिंकले.

ह्यूस्टनचे दुःख वेगळे. २०१५, २०१६, २०१८, २०१९ आणि २०२५, पाचही वेळा वॉरियर्सनी त्यांना घरी पाठवले. २०२५ मध्ये ह्यूस्टनकडे तोच अॅडम्स होता, आणि त्याचे फ्री थ्रो कच्चे म्हणून वॉरियर्स त्याला मुद्दाम फाउल करत होते.

मराठी वाचकाने आवर्जून पाहावी अशी मालिका २०२३ च्या पहिल्या फेरीतली, सॅक्रमेंटो किंग्जविरुद्धची. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचे. ते आधी वॉरियर्सच्याच मालकांपैकी होते आणि २०१३ मध्ये तो हिस्सा सोडून त्यांनी किंग्ज घेतले. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले, तेही किंग्ज आणि इंडियाना पेसर्सचे. किंग्ज १६ हंगामांनंतर प्लेऑफमध्ये आले होते. त्यांचे प्रशिक्षक माइक ब्राउन आदल्या वर्षापर्यंत कर यांचे सहायक, म्हणजे वॉरियर्सची प्रत्येक चाल त्यांना पाठ. आणि संघात हॅरिसन बार्न्स. करीच्या त्या टाइमआउटनंतर चौथा सामना १२६-१२५ वर आला, शेवटचा चेंडू किंग्जकडे. वॉरियर्सनी किंग्जच्या डीॲरन फॉक्सवर दोघे धाडले आणि बार्न्सला सोडले. फटका हुकला. ही मालिका सात सामने चालली, वॉरियर्सच्या केव्हन लूनीने तिच्यात तीन वेळा वीस किंवा अधिक रिबाउंड घेतले आणि करीने सातव्यात ५० गुण केले. सातव्या सामन्यातला तो तेव्हाचा विक्रम होता, दोन आठवड्यांत बोस्टनच्या जेसन टेटमने ५१ करून मोडला.

सराव कोणत्या सामन्यांवर करावा

हायलाइट्सवर नको. त्यांत पडलेले फटके असतात, हुकलेले आणि सोडलेले नसतात. पूर्ण सामने पाहा, निकाल माहीत असला तरी चालेल, उलट बरेच. आधी २०१५ चा अंतिम फेरीतला तिसरा आणि चौथा लागोपाठ, म्हणजे इग्वोडाला आल्याने काय बदलले ते दिसेल. मग २०१९ चा दुसरा. तिथे चौथ्या क्वार्टरमध्ये टोरंटोची रचना कोणत्या क्षणी बदलली तो स्वतः शोधून थांबवा.

शेवटी २०२२ मधले बोस्टनविरुद्धचे चौथा आणि पाचवा. चौथ्यात बोस्टनचे उंच खेळाडू बऱ्याचदा मागे थांबले आणि करीने त्यांच्याच मैदानावर ४३ गुण केले. कर यांनी शेवटच्या क्वार्टरमध्ये ग्रीनला काही काळ बसवलेसुद्धा. पाचव्यात बोस्टनने करीवर माणसे वाढवली आणि त्याचे तीन गुणांचे नऊच्या नऊ प्रयत्न हुकले. वॉरियर्स १०४-९४ जिंकले. त्या दिवशीचे पान भरताना वॉरियर्सच्या अँड्र्यू विगिन्सचा रकाना वेगळा ठेवा: २६ गुण, १३ रिबाउंड, आणि त्यांतले किती करीकडे झुकलेल्या बचावामुळे मिळाले ते एकेक करून मोजा.